पंधरा पायऱ्या उतरून

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे ठरावीक प्रश्न विचारले जातात. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिलात का? नायगारा केलात का? तिकडे मेथीची जुडी केवढ्याला मिळते? मलाही हे सगळं विचारून झालं. पण न्यूयॉर्क म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती तळघरातली एक लहानशी खोली. गगनचुंबी इमारतींच्या त्या शहरात मला सर्वांत आवडलेली जागा जमिनीखाली आहे असं सांगितलं की मैत्रिणी हसतात. आणि तिथे काय असतं म्हणून विचारल्यावर 'जॅझ' असं उत्तर दिलं, की हसणं थांबून भुवया वर जातात!

त्यांचाही दोष नाही. जॅझ म्हटलं की आपल्यापुढे जुन्या हिंदी सिनेमातला क्लब उभा राहतो. सिगारेटचा धूर, पेल्यांचा किणकिणाट, मधे नाचणारी नर्तकी, टेबलाशी कारस्थान करणारा खलनायक; आणि पार कोपऱ्यात गाल फुगवून ट्रंपेट वाजवणारा एक माणूस. त्या ट्रंपेटवाल्याकडे कुणीही बघत नसतं. नायक नाही, खलनायक नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही नाही. हे चित्र अगदीच खोटं नाही. हे संगीत वाढलं तेच मुळी नाचाच्या आणि खाण्यापिण्याच्या जागी. लोक जेवायला, नाचायला, भेटायला येत. वाद्यं आपली मागे वाजत. 'आमच्याकडे बघा, आम्ही काय वाजवतो ते ऐका,' असं म्हणायला त्या वादकांना बरीच वर्षं लागली. ते कसं घडलं, हे समजून घ्यायला न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या भागासारखी दुसरी जागा नाही.

माझा धाकटा भाऊ हडसन नदीच्या पलीकडे, जर्सी सिटीत राहतो. त्याच्या घराजवळच्या नेवार्क ॲव्हेन्यूवर कढीपत्त्यापासून साड्यांपर्यंत सगळं मिळतं. तिथून 'पाथ' नावाची आगगाडी नदीच्या पोटातून पलीकडे जाते आणि ख्रिस्टोफर स्ट्रीटला उतरलं की आपण व्हिलेजमध्ये. बाकीचं मॅनहॅटन कसं चौकटीच्या वहीसारखं, सरळ रेघांत आखलेलं! इथे मात्र गल्ल्या हव्या तशा वळलेल्या, घरं विटांची आणि बुटकी, फुटपाथवर झाडं. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या बाईला इथे आल्यावर हायसं वाटतं.

ख्रिस्टोफर स्ट्रीटने सरळ चालत गेलं की शेरिडन स्क्वेअर लागतो. स्क्वेअर कसला, रस्त्यांच्या तिठ्यावर सुटलेला एक तुकडा. पण तिथल्या एका इमारतीच्या तळघरात १९३८ च्या डिसेंबरात 'कॅफे सोसायटी' नावाचा क्लब निघाला. मालक बार्नी जोसेफसन, पूर्वी न्यू जर्सीत जोडे विकणारा. काळ्या आणि गोऱ्या गिऱ्हाइकांनी शेजारी शेजारी बसायचं, हा त्याचा नियम. आज आपल्याला त्यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी काळे कलाकार मंचावर चालत, टेबलाशी चालत नसत. बिली हॉलिडे ही नामांकित गायिका, १९३८ साली एका बड्या हॉटेलात गात होती, तर तिला पाहुण्यांच्या लिफ्टने जायची मनाई होती. सामानाच्या लिफ्टने वर जायचं आणि गायचं!

हीच बिली कॅफे सोसायटीत १९३९ साली एक गाणं म्हणू लागली. दक्षिणेत जमाव काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारत असे, त्याबद्दलचं ते गाणं. लिहिलं होतं एबल मीरोपोल या ब्राँक्समधल्या शाळामास्तराने. (मीही शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हे वाचून मला जरा अभिमानच वाटला.) असं गाणं म्हणायचं आणि समोर कुणी सुरीने मांस कापतंय, कुणी बर्फ मागतंय, हे कसं जमावं? म्हणून जोसेफसनने नियम केला. ते गाणं अगदी शेवटी. त्या आधी सगळ्या वेटरांनी काम थांबवायचं. दिवे मालवायचे. एकच झोत, तो बिलीच्या चेहऱ्यावर. गाणं संपलं की तोही बंद. दिवे लागतात तेव्हा मंच रिकामा. 'वन्स मोअर' नाही, काही नाही.

तो क्लब जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण त्या इमारतीपुढे उभं राहून मला वाटलं, केवढं साधं मागणं होतं ते. तीन-चार मिनिटं ताटं थांबवा. बस्स. सामानाच्या लिफ्टने येणाऱ्या बाईला तेवढं मिळवायलासुद्धा नियम करावा लागला.

तिथून पाच-सात मिनिटं उत्तरेला चाललं की सेव्हन्थ ॲव्हेन्यूवर लाल छताचं एक साधं दार दिसतं. हेच 'व्हिलेज व्हॅनगार्ड'. मॅक्स गॉर्डन या गृहस्थाने १९३५ साली या तळघरात क्लब थाटला. सुरुवातीला तिथे कवी कविता म्हणत, पुढे विनोदी नकलाकार आले, लोकगीतं गाणारे आले. आणि १९५७ पासून तिथे मुख्यतः जॅझच चालू आहे. १९८९ साली मॅक्स गेले. त्यांच्या मागे पत्नी लॉरेन यांनी क्लब हातात घेतला आणि २०१८ मध्ये वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी वारेपर्यंत तो नेटाने चालवला. बाई फटकळ म्हणून प्रसिद्ध! आता मुलगी बघते.

दारात भाऊ म्हणाला, "ताई, आत गेल्यावर बोलायचं नाही हं."

"अरे, मी काय तुझ्या मुलीच्या वर्गातली आहे का?"

"तसं नाही गं. इथे बोललेलं राहतं."

म्हणजे काय, ते त्याने खाली गेल्यावर सांगितलं.

पंधरा पायऱ्या उतरून आपण आत जातो. खोली केवढी? तर जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढी. आकार गोविंदविड्यासारखा त्रिकोणी, आणि निमुळत्या टोकाला मंच. मागे लाल पडदा. भिंतींवर इथे वाजवून गेलेल्यांचे फोटो. टेबलं एवढीएवढीशी की दोन पेले ठेवले की संपलं. पूर्वी इथे जेवण मिळत असे. आता स्वयंपाकघर नुसतं नावाला उरलंय, तिथे कलाकार बसतात. गृहिणीच्या कानाला हे लगेच कळतं: भांड्यांचा आवाज नाही, सुरी-काट्यांची खडखड नाही. पेयांची मागणी बहुतेकांनी आधीच दिलेली. सुरू होण्याआधी सूचना झाली: फोन बंद, फोटो नकोत, बोलणं नको. आणि खरोखरच ती खोली गप्प झाली. अधूनमधून जमिनीखालून भुयारी गाडी गेल्याची घरघर तेवढी येई. तिला कोण गप्प करणार?

आता भावाने सांगितलेली गोष्ट. २५ जून १९६१, रविवार. बिल एव्हान्स हा पियानोवादक, स्कॉट लफारो बासवर आणि पॉल मोशन ड्रमवर, असे तिघे या खोलीत वाजवत होते. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका झाल्या आणि सगळ्या टेपवर घेतल्या. त्यातून पुढे दोन तबकड्या निघाल्या, त्यांतल्या एकीचं नाव एव्हान्सच्या पुतणीवरून ठेवलेलं. आज जगातल्या उत्तम जॅझ ध्वनिमुद्रणांत त्या दिवसाची गणना होते. पण ऐकून पाहा. पियानो इतका हळुवार, की श्वास रोखावा. आणि मागे लोक खुशाल बोलताहेत! पेले आपटताहेत, कुणी बाई खळखळून हसते, टाळ्या तर तोंडदेखल्या. रविवारची सुट्टी, दोन घटका गप्पा मारायला आलेली मंडळी ती. आपल्यासमोर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

त्यानंतर अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. वय वर्षं पंचवीस. एव्हान्स त्या धक्क्याने कित्येक महिने लोकांपुढे वाजवू शकला नाही. ते तिघे पुन्हा एकत्र येणं नव्हतंच. म्हणजे जे काही उरलं ते त्या टेपवर, आणि त्या बाईचं हसूही त्याच टेपवर. साठ वर्षं उलटून गेली, लोक ते सूर ऐकतात आणि त्यांच्याबरोबर ते हसणंही ऐकतात. 'इथे बोललेलं राहतं,' याचा अर्थ हा.

मात्र काही रसिक म्हणतात, ती कुजबुज काढून टाकली तर ती दुपारच निघून जाईल. मला तेही पटतं. एखाद्या लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांच्या मागे आजीचं 'अक्षता राहिल्या का गं?' ऐकू येतं. आजी गेल्यावर आपण तेच पुन्हा पुन्हा ऐकतो. पण भटजींना त्या वेळी काय वाटलं असेल, ते वेगळं!

आम्ही गेलो त्या रात्रीही पियानो, बास आणि ड्रम असे तिघेच होते. मला जॅझ कळतं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या बैठकीची थोडी सवय असेल तर फार परकंही वाटत नाही. आधी मूळ चाल सगळे मिळून वाजवतात. मग एकेक जण आळीपाळीने ती चाल घेऊन आपल्या मनाने खुलवतो आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ चालीवर येतात. लिहिलेलं थोडं, सुचलेलं जास्त. आणि म्हणूनच इथे पूर्ण मौनही चालत नाही. एकाची पाळी संपली की टाळ्या द्यायच्या, मग दुसऱ्याने वाजवायला सुरुवात केलेली असली तरी. एखादी जागा सुरेख घेतली की मागून हळूच 'येऽऽ' असा हुंकार येतो. आपल्या 'क्या बात है'चा सख्खा भाऊ! पाश्चात्य शास्त्रीय संगीताच्या सभागृहात असं केलं तर शेजारचा डोळे वटारेल. इथे न केलं तर कलाकार हिरमुसेल. ठेका धरणाऱ्यांनी मात्र जपून. चार मात्रांतली पहिली आणि तिसरी नव्हे, तर दुसरी आणि चौथी, तिथे जॅझची टाळी. चुकीच्या मात्रेवर उत्साहाने टाळ्या पिटणारं सभागृह म्हणजे वादकाची शिक्षाच.

सगळ्यांत मोठी परीक्षा बासची. पुरुषभर उंचीचं ते वाद्य, पण आवाज खोल आणि हलका. त्याची पाळी आली की पियानो जवळजवळ थांबतो, ड्रमवाला नुसता झाडणीसारखा ब्रश फिरवतो. आणि नेमकं तेव्हाच लोकांना वाटतं, चला, आता शांत झालं, आता बोलावं! 'बासची पाळी म्हणजे गप्पांची वेळ' हा जॅझवाल्यांतला जुना विनोद आहे. पण त्या रात्री बास सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, की कुणी पेलासुद्धा उचलत नाहीये. माझ्या पुढच्या टेबलावरच्या आजीबाईंनी हातातला पेला अधांतरी धरला होता. खाली ठेवला तर वाजेल म्हणून. दोन-तीन मिनिटं तशाच. मग टाळ्या झाल्या तेव्हा ठेवला.

हे आपोआप झालेलं नाही. त्यासाठी कलाकार भांडले आहेत. चार्ल्स मिंगस नावाचा एक महान बासवादक होऊन गेला. बोलणाऱ्या श्रोत्यांना तो मंचावरून सरळ झापत असे. १९६० साली त्याने स्टुडिओत एक तबकडी केली. स्टुडिओत श्रोता औषधालाही नाही. तरी हा गाण्यांआधी बजावतो, की टाळ्या वाजवू नका, पेल्यातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याची घंटा वाजवू नका! ऐकताना हसू येतं आणि मग वाईटही वाटतं. जिथे कुणीच नाही तिथेसुद्धा ज्याला ते आवाज ऐकू येतात, त्याने किती रात्री ते सोसले असतील?

याच्या उलट कॅननबॉल ॲडरली. या सॅक्सोफोनवादकाने १९६६ साली हॉलिवूडच्या एका स्टुडिओत मुद्दाम माणसं बोलावली, त्यांना फुकट प्यायला दिलं आणि त्यांच्या आरोळ्यांसकट ध्वनिमुद्रण केलं. मजा म्हणजे तीही तबकडी गाजली. १९५६ च्या ७ जुलैला न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात तर याहून नवल घडलं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात पॉल गोन्सॅल्विस सॅक्सोफोन वाजवायला उठला आणि एकामागून एक सत्तावीस आवर्तनं वाजवत सुटला. काळ्या पोशाखातली एक बाई जागेवरून उठून नाचू लागली, मग सगळा जमाव उठला. आता दंगल होते की काय म्हणून संयोजक घाबरले. पण एलिंग्टन त्या गलक्यावरच वाद्यवृंद आणखी चढवत राहिला. ओसरत चाललेली त्याची लोकप्रियता त्या एका रात्रीत परत आली.

मग कोण बरोबर? मिंगस की एलिंग्टन? मला वाटतं, दोघेही. न्यूपोर्टची ती बाई गप्प बसली नाही, पण ती ऐकत होती. तिचा नाच हे वादकाला दिलेलं उत्तर होतं. व्हॅनगार्डमध्ये हसणाऱ्या बाईचं हसू मात्र तिच्या टेबलावरच्या कुठल्या तरी विनोदाला होतं. पियानोशी त्याचा संबंध नव्हता. आवाज मोठा की लहान हा प्रश्नच नाही. तो वादकासाठी आहे, की वादक तिथे नाहीच असं समजून केलेला आहे, एवढंच पाहायचं. बिली हॉलिडेचं आणि मिंगसचं दुखणं हेच होतं. 'तुम्ही आहात' एवढं समोरच्याने कबूल करावं.

आपल्या कलाकारांनाही याच शहरात वेगळा अनुभव आला आहे. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशाच्या मदतीसाठी मोठा कार्यक्रम. पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते, अल्लारखाँ तबला लावत होते. जुळवून झालं आणि हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! पंडितजी हसून म्हणाले, की जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे. ते श्रोते अडाणी असतील, पण त्यांचे कान मंचाकडे होते. म्हणूनच पंडितजी चिडले नाहीत.

आणि जॅझ आपल्याला वाटतं तितकं परकंही नाही, बरं का. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. पुढे गोव्याचे ख्रिस्ती वादक यात तयार झाले. त्यांतले अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', ट्रंपेट असं वाजवत की लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यांना बरोबर घेतलं. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात त्या गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा पडद्यावरच दिसतो. पुन्हा लागला तर या वेळी भगवानदादांवरून नजर काढून जरा मागे बघा.

मुंबईत १९७८ साली 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू झाला. रंगभवनात, उघड्या आभाळाखाली. त्या पहिल्या वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स आले होते. व्हॅनगार्डमध्ये १९५७ साली पहिलं जाहीर ध्वनिमुद्रण झालं ते त्यांचंच. पुढे रंगभवनाचा परिसर शांतता क्षेत्रात येतो म्हणून तिथले कार्यक्रम बंद झाले. जवळ इस्पितळ आहे, कॉलेज आहे, त्यांचंही बरोबरच. एकाचं संगीत ते दुसऱ्याचा गोंगाट, हे काही फक्त तळघरातच खरं नाही.

कुणाचं न्यूयॉर्कला जाणं झालं तर सांगते. व्हॅनगार्डमध्ये रात्री आठ आणि दहा असे दोन खेळ असतात. तिकीट आधी काढून ठेवावं आणि अर्धा तास अगोदर पोचावं. तिकिटाखेरीज माणशी एक पेय घ्यावं लागतं. दारूच हवी असं नाही, मी आल्याचा सोडा घेतला. पोटभर जेवून जावं, आत खायला मिळत नाही. पोशाखाचा बडेजाव नाही. मी तर सुती साडी आणि वर स्वेटर घालूनच गेले होते. पायऱ्या मात्र उभ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी कठडा धरावा.

आपल्याकडे नाट्यगृहात फोन वाजला म्हणून नटाने प्रयोग थांबवल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि 'काय ही माणसं!' म्हणतो. पण जरा घरच्या बैठकीकडे बघू या. हळदीकुंकू असतं, भिशी असते. आपणच कुणाला तरी आग्रह करतो, 'म्हण ना गं, तुझा आवाज किती छान आहे.' ती आढेवेढे घेते, घसा खाकरते, डोळे मिटून सुरू करते. अंतऱ्यावर येते न येते तोच पोह्यांच्या बशा फिरू लागतात. 'अगं, लिंबू राहिलं,' 'तुला तिखट चालतं ना?' आणि मग साडीची चौकशी. ती डोळे उघडते, घाईघाईने पुढचं कडवं गाळते आणि 'बस्स, एवढंच येतं,' म्हणून उठते. तिला पुढचं येत असतं. एरवी दिवसभर घरात तिचं कोण ऐकतं? तेवढी तीन मिनिटं तरी पूर्ण मिळावीत.

परत आल्यावर आमच्या भिशीत मी हे सगळं सांगितलं आणि आम्ही नियम केला. गाणं सुरू झालं की बशा ओट्यावरच थांबतात. पोहे थोडे निवतात. पण गेल्या महिन्यात एक मैत्रीण पाचही कडवी म्हणाली.